साडूंपेक्षा कमी तोटा

उद्या काय होणार हे माणसाला कळत नाही, हे सत्य सर्वमान्य आहे. मात्र तो उद्या एकदा होऊन गेला की ते आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं, अशी प्रत्येकाची खात्री पटते. ज्यांची पटत नाही त्यांना कंपन्या लेखा विभागात बसवतात.

दात घासायचे ब्रश बनवणाऱ्या एका कंपनीत अशा एक बाई होत्या. तेवीस वर्षं लेखा विभाग सांभाळल्यामुळे रखवालदारापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणत. (मालक त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठे होते. पण जिच्या कपाटात आपल्या कराचे कागद असतात तिला वडीलधारी मानलेलं बरं असतं.)

ब्रशचा दांडा कारखान्यातच तयार होई. त्यावरचे तंतू मात्र परदेशातून येत आणि त्यांचे पैसे दर महिन्याला परकीय चलनात चुकते करावे लागत. या चलनाचा भाव बरीच वर्षं चाळीसच्या आसपास रेंगाळत होता. एका वर्षी तो तीन महिन्यांत सेहेचाळीसवर गेला. ब्रश तेच, दात तेच, कामगार तेच, गिऱ्हाइकं तीच. कुणाचंही काहीही चुकलं नव्हतं, आणि वर्षाचा नफा साफ झाला.

मालकांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, याचं काहीतरी कायमचं बघा. माझी झोप उडालीय."

ताईंनी बघितलं. भाव त्रेचाळीसपर्यंत उतरल्यावर त्या बँकेत गेल्या आणि एक साधा वायदा करार करून आल्या. आजपासून सहा महिन्यांनी लागणारं चलन चव्वेचाळीसने मिळेल, हे आजच पक्कं.

"म्हणजे भाव पन्नास झाला तरी आपण चव्वेचाळीसच देणार?" मालकांनी विचारलं.

"हो."

"आणि समजा पस्तीस झाला?"

"तरी चव्वेचाळीसच."

मालकांनी पहिलं उत्तर मन लावून ऐकलं. दुसऱ्या उत्तराच्या वेळी त्यांचा फोन वाजला.

पुढचे सहा महिने त्यांना छान झोप लागली. सहा महिन्यांनी भाव एकेचाळीस होता.

हे एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मालकांना एक साडू होते. साडूंचा रस्त्यापलीकडेच कंगव्यांचा कारखाना होता आणि त्यांचा कच्चा मालही परदेशातून येई. साडूंनी कसलाच करार केलेला नव्हता, कारण त्यांना तो शब्द माहीत नव्हता. एका घरगुती जेवणात त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता सहज विचारलं, "तुम्ही कितीला घेतलंत? आम्हाला बुवा एकेचाळीसला पडलं."

दुसऱ्या दिवशी ताईंना लेखी विचारणा झाली: 'भाव उतरणार आहे हे आपणांस का माहीत नव्हते, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' ताईंनी एका ओळीत खुलासा केला: 'माहीत नसते म्हणूनच असे करार करतात.' हा खुलासा असमाधानकारक ठरला आणि कंपनीत जोखीम समिती स्थापन झाली.

समितीच्या अध्यक्षपदी मालकांचे जावई आले. या विषयाचा त्यांनी साडेतीन दिवसांचा अभ्यासक्रम केला होता. (अर्धा दिवस प्रमाणपत्र वाटपाचा होता.) समितीने मागच्या व्यवहारांची झडती घेतली. यंत्राच्या कर्जाचं व्याज तरतं होतं, म्हणजे बाजाराबरोबर खालीवर होणारं. ताईंनी बँकेशी अदलाबदल करून ते नऊ टक्क्यांवर बांधून घेतलं होतं. बाजारात व्याज साडेसातवर आलं. साडूंचं कर्ज तरतंच होतं. समितीने याची गंभीर दखल घेतली.

मग ताईंनी पर्याय करार सुचवला. यात तीन लाख आधी भरायचे. भाव चढला तर ठरलेल्या भावाने चलन घ्यायचा हक्क आपला, उतरला तर हक्क सोडून द्यायचा आणि बाजारातून स्वस्तात घ्यायचं. भाव चढला नाही. समितीने तीन लाख 'निष्फळ खर्च' या सदरात टाकले. त्याच पानावर आगीच्या विम्याचा हप्ता होता. आग लागली नव्हती. त्याबद्दल समितीने खेद नोंदवला नाही, पण सदस्यांच्या चेहऱ्यावर तो होता, असं ताईंना वाटलं.

पहिल्या वर्षात समितीच्या चौदा बैठका झाल्या. इतिवृत्तांत तंतूंचा उल्लेख दोनदा येतो, साडूंचा एकतीस वेळा. धोका मोजण्याची ही पद्धत जगातल्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, तरी बहुतेक कंपन्या ती काटेकोरपणे पाळतात.

पंधराव्या बैठकीला बँकेचा अधिकारी आला. इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज, आणि हातात एक रंगीत पुस्तिका. त्याने 'शून्य खर्च' नावाची योजना मांडली. बाजारात भाव एकेचाळीस असताना कंपनीला दर महिन्याला एक लाख परकीय चलन एकोणचाळीसने मिळणार. करार वर्षाचा. आधी भरायचं काहीच नाही.

"काहीच नाही?" मालक खुर्चीत पुढे सरकले.

"एक पैसाही नाही, सर."

जावई म्हणाले, "बाबा, मी म्हणत होतोच."

ताई पुस्तिका मागून पुढे वाचत होत्या. (ही त्यांची जुनी सवय. त्यामुळे त्यांना समारंभांना बोलावत नसत.) सतराव्या पानावर दोन अटी होत्या. भाव पंचेचाळीसच्या वर गेला तर करार आपोआप रद्द. आणि भाव एकोणचाळीसच्या खाली आला तर कंपनीने दर महिन्याला एकाऐवजी दोन लाख चलन घ्यायचं, तेही एकोणचाळीसनेच.

"साहेब," ताई म्हणाल्या, "भाव खूप चढला की आपल्याला संरक्षण लागतं, तेव्हा हा करार असणार नाही. भाव उतरला की लागत नाही, तेव्हा हा दुप्पट असणार. गाडी उभी असताना ब्रेक लागतो आणि पळायला लागली की निघून जातो, असं आहे हे."

बँकेचा अधिकारी हसला. ताईंच्या उपमेचं त्याने मनापासून कौतुक केलं. इतिवृत्तात आलं: 'ताईंच्या मताची नोंद घेऊन ते विचारात न घेण्याचे सर्वानुमते ठरले.'

पहिले तीन महिने सोन्याचे गेले. दर महिन्याला दोन लाख रुपये वाचले. मालक मुद्दाम रस्ता ओलांडून साडूंकडे चहाला गेले आणि बँकेची रंगीत पुस्तिका तिथेच विसरून आले.

चौथ्या महिन्यापासून भाव घसरला आणि तेहेतीसवर येऊन बसला.

आता कंपनीला दर महिन्याला दोन लाख चलन घ्यावं लागे. बाजारात ते तेहेतीसला मिळत होतं, कंपनी एकोणचाळीस मोजत होती. महिन्याला बारा लाख पाण्यात. शिवाय एवढ्या चलनाचं करायचं काय, हा प्रश्न होताच. समितीने त्यावर तोडगा काढला: दुप्पट तंतू मागवावेत. तंतूंच्या पेट्यांनी आधी गोदाम भरलं, मग उपाहारगृह, मग जावयांची केबिन. जावयांनी व्हरांड्यात बसून एक जनजागृती योजना लिहिली. जनतेने दात दिवसातून पाच वेळा घासावेत आणि ब्रश दर पंधरवड्याला बदलावा, असं झाल्यास सगळे तंतू वर्षभरात संपतील, असं तीत आकडेवारीनिशी सिद्ध केलं होतं. तोपर्यंत उपाय म्हणून पॅकिंगमधल्या साठ बायकांना कमी करायचं ठरलं.

ती यादी टाइप होऊन ताईंच्या टेबलावर आली. हिशेब चुकते करायचं काम त्यांचंच होतं. यादीत पहिलं नाव होतं ते पॅकिंगच्या मावशींचं. मावशी डोळे मिटून मिनिटाला बावीस ब्रश खोक्यात भरत. बातमी त्यांच्या कानावर आधीच गेली होती. दुपारी त्या ताईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"ताई, आमचं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही हो. चलनाचा भाव उतरला."

"उतरला म्हणजे माल स्वस्त झाला ना?"

"हो."

"मग?"

तेवीस वर्षांत ताईंना कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. उत्तर सतराव्या पानावर होतं, पण ते मावशींना वाचून दाखवायची ताईंना लाज वाटली. मावशी "बरं" म्हणून निघून गेल्या. ताईंनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

त्या दुपारीच बँकेला फोन लावून त्यांनी विचारलं, करारातून आत्ता बाहेर पडायचे किती? उरले होते पाच महिने. बावन्न लाख, असं मृदू आवाजात उत्तर आलं. ताई कागद घेऊन मालकांकडे गेल्या.

"भाव असाच राहिला तर साठ लाख जातील. अजून उतरला तर किती, ते कुणालाच सांगता येणार नाही. आज सुटलो तर बावन्नवर विषय संपतो, आणि स्वस्त भावाने माल घ्यायला आपण मोकळे. पॅकिंगला हात लावावा लागणार नाही."

"बावन्न लाखांचा तोटा मी माझ्या हाताने लिहून देऊ?" मालक उसळले. "साडूंना काय तोंड दाखवू? थांबा जरा. भाव चढेल."

"नाही चढला तर?"

"ताई, तुम्ही ना, फार निराशावादी आहात."

चार दिवसांनी मालकीणबाई ऑफिसात आल्या. कागदोपत्री त्या संचालक असल्यामुळे दर तिमाहीला सह्या करायला येत. ताई पानं उलटत होत्या, त्या सह्या करत होत्या. सातव्या सहीला त्यांचं पेन थांबलं.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते. बहिणीकडे फार वाईट चाललंय. गाडी विकली त्यांनी. आमच्या ह्यांनी कुठलीशी पुस्तिका तिथे ठेवली होती ना, ती वाचून तिच्या नवऱ्याने तोच करार केला. तोच भाव, त्याच अटी. फक्त तिप्पट."

ताईंनी हातातलं पान खाली ठेवलं. "साहेबांना माहीत आहे हे?"

"छे! ते दोघं एकमेकांना फक्त फायदा सांगतात."

तीन कागदांवर ताईंनी आकडे मांडले होते, दोन आलेख काढले होते, एक तर रंगीत होता. त्यातल्या कशाचा उपयोग झाला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, हे तुम्ही साहेबांना सांगाल? आत्ता? साठ जणींच्या पोटाचा प्रश्न आहे."

मालकीणबाईंनी उरलेल्या सह्या तशाच ठेवल्या आणि नवऱ्याच्या केबिनमध्ये गेल्या. ताई दारातच उभ्या राहिल्या.

"तिप्पट?" मालकांनी विचारलं.

"तिप्पट."

मालक उठून खिडकीशी गेले. रस्त्यापलीकडच्या कंगव्यांच्या कारखान्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक महिन्यांत न दिसलेलं तेज होतं.

"ताई, आपले बावन्न ना?"

"बावन्न."

"म्हणजे त्यांचे दीडशेच्या वर."

"साधारण."

"आणा तो कागद."

सही झाली. साडूंना ताबडतोब सावध करायचं वचन मालकांनी मालकीणबाईंना तिथल्या तिथे दिलं, आणि महिनाअखेर उलटल्यावर ते पाळलंही.

साठ नावांची यादी ताईंनी स्वतःच्या हाताने फाडली. संध्याकाळी पॅकिंगच्या हॉलमध्ये जाऊन त्या म्हणाल्या, "उद्या सगळ्यांनी यायचंय." मावशींनी मान हलवली, हात थांबवले नाहीत. ताईंना वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. प्रत्यक्षात फक्त खूप भूक लागली.

वर्षाच्या अहवालात या प्रकरणाला एक वाक्य मिळालं: 'प्रतिकूल परिस्थितीत व्यवस्थापनाने समयोचित निर्णय घेऊन तोटा या क्षेत्रातील इतरांच्या तुलनेत मर्यादित ठेवला.' जावयांना दोन परिसंवादांत जोखीम या विषयावर बोलायला बोलावलं गेलं. मृदू आवाजाच्या अधिकाऱ्याला बढती मिळाली. सध्या ताई लागणाऱ्या चलनापैकी निम्म्याचाच साधा वायदा करतात आणि निम्मं उघडं, बाजारभावावर ठेवतात. त्यामुळे दर सहा महिन्यांनी त्यांचा निम्मा निर्णय चुकलेला असतो, आणि मालकांना त्याबद्दल बोलता येतं.

मालकांना हसून झालं असेल तर वाचकांना एक साधा प्रश्न. तुमच्या घराच्या कर्जाचं व्याज स्थिर आहे की तरतं? कपाटाकडे जाऊ नका, न बघता सांगा. नाही सांगता येत? हरकत नाही. शेजाऱ्यांना किती टक्क्यांनी मिळालं, तेवढं सांगा. ते तुम्हाला दशांश चिन्हासकट पाठ आहे.