धरून ठेवलेला सोमवार

सोमवारी साहेबांचा फोन आला, तेव्हा चांद्रयान शाळेच्या व्हरांड्यात उभं होतं आणि दोन अंतराळवीर त्याच्या पोटात बसून डबा खात होते.

"सर, आज काय जमत न्हाय बघा," आबासाहेब म्हणाले. शाळा तपासायला येणारे साहेब ते हेच. "अचानक मीटिंग लागलीय. उद्या येतो. भेट सोमवारचीच धरा."

"धरतो की साहेब," असं मुख्याध्यापक गुरुबसप्पा सर म्हणाले खरे, पण फोन ठेवताच त्यांचा चेहरा उतरला. घाबरले की सर मराठी विसरत. "एन माडोदु ईग!" ते कानडीत म्हणाले. आता काय करायचं, हा प्रश्न सोलापुरात कोणत्याही भाषेत विचारला तरी कळतो, त्यामुळे चौथीच्या शिवलीलाबाई धावत आल्या.

गोष्ट साधी होती. शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो आणि त्यात दिनविशेष असतो, म्हणजे आजच्याच तारखेला पूर्वी काय घडलं ते. वीस जुलैचा दिनविशेष होता, माणसाचं चंद्रावरचं पहिलं पाऊल, साल एकोणीसशे एकोणसत्तर. शिवलीलाबाईंनी त्यासाठी पंधरा दिवस खपून टीव्हीच्या खोक्यांचं यान केलं होतं. अंतराळवीरांचे पांढरे पोशाख सोलापुरी टॉवेलांचे होते. चौथीतल्या काव्याचे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते. विणताना डाग पडलेला माल त्यांनी आणून दिला होता.

एवढी हौस उगाच नव्हती. बाईंची शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं भरत आली होती. साहेबांनी शेरा चांगला दिला तर त्या कायम होणार होत्या. मोहोळला त्यांच्या आईने पोरगी कायम झाल्याचं गल्लीत आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता माघार घ्यायची सोयही उरली नव्हती.

आणि आबासाहेबांचं तारखेचं वेड साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. एका शाळेच्या फळ्यावर त्यांना आदल्या दिवसाचा दिनविशेष दिसला, तेव्हा त्यांनी शेरा मारला होता, "या शाळेत काल आहे, आज नाही." तिथले गुरुजी अजून सावरले नव्हते.

"सर, उद्यासाठी दुसरं कायतरी बसवू की," बाई म्हणाल्या.

"एका रात्रीत? आणि ह्या खोक्यांचं काय करू, कपाट?"

"मग सरळ सांगू, कालचं हाय म्हणून."

"आणि नोकरी?" सर येरझाऱ्या घालायला लागले आणि एकदम थांबले. "बाई, साहेब काय म्हणाले? सोमवार धरा. मग धरायचा की! साहेबाला पन्नास शाळा. कुठल्या वारी कुठं बसलोय, हे त्यांना तरी कुठं आठवतंय? फळ्यावर दिसंल ते खरं."

बाईंना हे पटलं नाही. पण कायम व्हायचं असलं की माणसाला पुष्कळ गोष्टी थोड्याथोड्या पटतात.

मंगळवारी सकाळी शाळेत सोमवार सुरू झाला. फळ्यावरचं 'सोमवार, २० जुलै' पुसायचं नाही, असा हुकूम निघाला. ऑफिसातल्या कॅलेंडरचं रोज एक पान फाडायचं असे, तेही सरांनी फाडलं नाही. एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण मुलं आली ती मंगळवारचा पांढरा गणवेश घालून. सरांनी त्यांना निळा घालून यायला परत पाठवलं. निम्म्यांचा निळा दोरीवर ओला होता, ते ओला घालून आले.

मग सर स्वयंपाकखोलीत गेले. तिथे केराबाई हरभऱ्याची उसळ टाकत होत्या.

"केराबाई, सोमवारी मटकी असते!"

"आज मंगळवार हाय की, सर."

"आज सोमवार धरलाय."

"मग धरा की. हरभरा काल सकाळीच भिजत घातलाय, त्याला मोड बी आल्यात. त्याला कसं सांगू सोमवार हाय म्हणून?"

हरभऱ्यापुढे सरांनी हात टेकले. तोवर शाळेसमोर मंगळवारचा बाजार भरायला लागला. सर रस्त्यावर धावले आणि फाटकाजवळच्या नागम्माला म्हणाले, "आज जरा पलीकडं बस की. हितं आज सोमवार आहे."

नागम्माने मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडत त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सर, उन्हातनं आलाव का? सोमवारी बाजार मांडायला मी काय येडी हाय?"

सर परत आले, तर व्हरांड्यात काव्या उभी होती. अंगात टिकल्यांचा लाल फ्रॉक आणि हातात चॉकलेटचा डबा.

"बाई, आज माझा वाढदिवस!"

परिपाठात "आज वीस जुलै" हे वाक्य म्हणायचं होतं ते काव्यालाच. शिवलीलाबाई सरांकडे बघायला लागल्या आणि सर छताकडे.

"काव्या, वाढदिवस उद्या कर की," सर लाडीगोडीने म्हणाले. "आज सोमवार आहे. उद्या मंगळवार करू."

"पण आज घरी मला ओवाळलं, सर."

"ते चुकून ओवाळलं असंल."

"आणि उद्या तर बुधवार येणार. मग माझा मंगळवार कुठं जाणार?"

 सरांनी एक टॉवेल उचलून काव्याला गुंडाळला, लाल फ्रॉक दिसेनासा झाला आणि चांद्रमोहिमेत एक अंतराळवीर वाढला. टॉवेलाच्या आत काव्या मुसमुसत राहिली.

तेवढ्यात साहेब आले. त्यांच्या हातातल्या पिशवीतून मेथी डोकावत होती, म्हणजे ते बाजारातूनच आले होते. सरांनी डोळे मिटून सिद्धेश्वराचं नाव घेतलं.

परिपाठ सुरू झाला. प्रार्थना झाली. यानाचं दार उघडून अंतराळवीर सावकाश पावलं टाकत बाहेर आले. एकाचा टॉवेल सुटत होता, तो त्याने चंद्रावर उभं राहूनच नीट खोचला. साहेब हसले नाहीत. त्यांचं लक्ष फळ्याकडे होतं. फळ्याकडून त्यांची नजर फाटकाबाहेरच्या बाजाराकडे गेली आणि पुन्हा फळ्यावर आली. मग ते काव्यापुढे वाकले.

"बाळ, आज तारीख काय?"

काव्याने बाईंकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. शिवलीलाबाईंना तीन वर्षांची सगळी धडपड त्या क्षणी आठवली, मोहोळची गल्ली आठवली. पण ह्या पोरीने आपल्या तोंडाने आपला वाढदिवस नाकारायचा, आणि तो आपल्यासाठी? त्यांना ते सहनच होईना. त्या उठल्या, डस्टर घेतला आणि फळ्यावरची तारीख पुसून टाकली.

"साहेब, आज एकवीस जुलै, मंगळवार. काव्याचा आज वाढदिवस हाय. आमचा दिनविशेष कालचा हाय. चूक माझी हाय, पोरांची न्हाय."

 आबासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चूक," ते म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली.

"कालचा न्हाय, बाई. आजचाच हाय. माणसानं चंद्रावर पाय ठेवला तवा तिकडं अमेरिकेत वीसची रात्र होती. आपल्याकडं एकवीस उजाडली होती, चांगली सकाळ झाली होती. केम गावच्या स्टेशनावर माझा बाप रेडिओवर तीच बातमी ऐकत हुता, आन् घरनं सांगावा आला, पोरगा झाला म्हणून."

"म्हणजे साहेब, तुमचा पण वाढदिवस?" काव्याने टॉवेलातून तोंड बाहेर काढलं.

"खरा हाच. म्हातारी मला चांदबाच म्हणायची. पर शाळेत घालायला नेलं, तवा गुरुजींनी बापाला जन्मतारीख इचारली. बाप म्हणला, माणूस चंद्रावर गेला त्या सकाळची. गुरुजी म्हणले, असली तारीख बसत न्हाय. त्यांनी एक जून टाकली. झालं! सगळ्या सरकारी कागदावर मी एक जूनचा. तवापासनं शाळेनं तारीख बदलली की माझ्या डोक्यात तिडीक जाते बघा." त्यांनी फळ्याच्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं. "बरं झालं पुसलं. सोमवार धरा म्हणलो, ती माझीबी चूकच."

गुरुबसप्पा सरांच्या कपाळावरून घामाचा ओघळ आला आणि तोही सुटल्यासारखा भराभर खाली गेला.

"साहेब, माझी पण एक जूनच," ते पुटपुटले.

"माजीबी!" स्वयंपाकखोलीतून केराबाई ओरडल्या.

काव्याने टॉवेल भिरकावून दिला आणि डबा उघडून पहिलं चॉकलेट चांदबांना दिलं. साहेबांनी ते तिथेच, मुलांसमोर खाल्लं. मग बसून शेरा लिहिला, "दिनविशेष ताजा आहे. शिक्षिका कायम करण्यास योग्य." शिवलीलाबाईंनी तो वाचला, यानाच्या मागे जाऊन पदराने डोळे पुसले आणि तिथूनच आईला फोन लावला. "आई, गल्लीत सांगितलंस ते आता खरं झालं बघ!"

चहासाठी साहेबांना ऑफिसात नेताना सरांना कॅलेंडर आठवलं. भिंतीवर अजून सोमवार होता! ते साहेबांच्या पुढे धावले आणि त्यांनी पान खसकन ओढलं. घाईत दोन पानं निघाली. भिंतीवर ठळक अक्षरात बुधवार, बावीस जुलै उमटला.

सर एकवीसचं पान पुन्हा डकवायला गेले, ते हातातून खाली पडलं. "एन माडोदु..."

"ऱ्हाऊ द्या, सर," आबासाहेब म्हणाले. त्यांनी वाकून जमिनीवरचं एकवीस जुलैचं पान उचललं, नीट चौघडी केली आणि वरच्या खिशात ठेवलं. "ह्ये मी घरी नेतो."