कपाटशिखरावरील वेढा आणि सासूबाईंची सुटका

मागिलांचे शहाणपण उघडे पडावे आणि पुढिलांनी त्यातून काहीएक शिकू नये, कारण ते शिकत नसतातच, हे जाणोन हा मजकूर लिहिला असे. ऐकणारांनी हसू आवरावे. न आवरल्यास दाराबाहेर जाऊन यावे.

तिसऱ्या मजल्यावर ड्रोनचा कारखाना होता. धनी दोन: थोरले साहेब, म्हणजे घरचे जावई, आणि धाकटे साहेब, म्हणजे त्यांचे मेहुणे. उभयतांत खिडकीलगतचे टेबल कोणाचे यावरून कजिया लागला, आणि मग अबोला जाहला, आणि टेबल कोणाचेच न होता कोपऱ्यात धूळ खात पडले. दोघेही बुद्धीचे सागर. मात्र ओहोटी कायमची.

तेथे टूल लिहिणारी एक मुलगी चाकरीस होती. प्रत्येक मसलतीत पाचर मारते म्हणून तिला पाचर हेच नाव पडले. एआय एजंटाने तोंडी हुकुमावरून ड्रोन उडवावे, उतरवावे, मोटरी थांबवाव्या, ऐसे टूल तिने रचिले, आणि त्यातही पाचर मारिली: ड्रोन हवेत असता मोटरी बंद होणार नाहीत, कारण मग ते कोणाच्या तरी टाळक्यात येते, आणि बळेच बंद करणे असेल तर दोन्ही धन्यांनी आपापल्या फोनावरून मंजुरी द्यावी.

एके दिवशी जावई करतात तरी काय, हे पाहण्यास सासूबाईंची स्वारी दाखल जाहली. खुर्ची मोकळी नव्हती, सबब त्यांस कज्ज्याच्या टेबलामागे बसविले. पाठीशी भिंत, बगलेस लोखंडी कपाट. आणि थोरल्या साहेबांस पराक्रमाची उबळ आली, आणि त्यांनी ड्रोन उडविले, सासूबाईंच्या अंबाड्यावरून फिरविले, आणि मग एजंटास फर्माविले की आता उतरव. कोठे, हे सांगण्याची तसदी खाशांनी घेतली नाही. एजंटास जवळची सपाट जागा दिसली ती कपाटाचा माथा. उतरविले.

परंतु मोटरी थांबेनात. थोरल्यांनी बंद करण्याचा हुकूम सोडावा आणि एजंटाने अदबीने कळवावे की ड्रोन अद्याप माणसाहून उंच आहे, सबब हवेतच आहे, बंद करवत नाही. चार पंखे गरगरत, आणि पत्रा गुळगुळीत, आणि त्या थरथरीने ड्रोन तसूतसूने कडेकडे सरकू लागले, आणि कडेखाली सासूबाई. बाहेर येण्याची वाटही त्याच कडेखालून.

थोरल्यांनी झाडू उपसला. पाचर आडवी जाहली.

"ढकललंत तर आईंच्या मांडीत पडेल, सर. पंख्यांनी बोटं जातील त्यांची."

"मग ती तुझी अट काढून टाक!"

"काढायला वेळ लागेल. आणि काढली तर उद्या हेच ड्रोन भर हवेत बंद पडेल. तुम्ही दोघं मंजुरी द्या ना, लगेच थांबतं."

धाकटे साहेब पलीकडच्याच टेबलाशी बसले होते, परंतु उभयतांत अबोला. मग एजंटासच वकील करून बोलणी सुरू जाहली. थोरल्यांनी कळविले की आधी त्याने द्यावी. धाकट्यांनी कळविले की मागून देणे म्हणजे त्याचे ऐकणे, सबब आधी त्याने. एजंटाने दोन्ही खलिते मोठ्याने वाचिले आणि आणखी काही मदत हवी का, ऐसेही पुसिले. त्याउपर धाकट्यांनी टेबलाचा हक्क तहात घालण्याची मागणी केली. जन्मदाती वेढ्यात, आणि चिरंजीव लाकडाचा भाव करीत होते.

ड्रोनचा एक पाय कडेबाहेर आला. पाचर मनाशी म्हणाली: अट तर बरोबर, आणि बाईंचा घात त्या अटीनेच होतो की काय! तिने जाड पुठ्ठ्याचे खोके टेबलाखालून सरकविले. "आई, हे डोक्यावर घ्या आधी!"

सासूबाईंनी खोके शिरी धारण केले, आणि मग खोक्यातून फर्मान निघाले.

"बाळ्या! जावईबापू! मी तीन म्हटलं की दोघांनी दाबायचं. नाहीतर इथून उठले की तुमच्याकडे राहायला येते. आलटून पालटून. कायमची. एक..."

दोन उच्चारण्याची गरज पडली नाही. दोन्ही मंजुऱ्या एकदमच पोहोचल्या, पंखे निमाले, ड्रोन एक पाय अधांतरी ठेवून निपचित पडले, आणि पाचरीने स्टुलावर चढोन त्याची बॅटरी उपसली. सासूबाई सहीसलामत बाहेर आल्या. फत्ते जाहली.

लागलीच थोरल्यांनी जाहीर केले की आपल्या मंजुरीने काम झाले. धाकट्यांनी जाहीर केले की आपल्या. आणि उभयतांनी, अबोला न मोडिता, एकच हुकूम निरनिराळा सोडिला की दोन मंजुऱ्यांमुळे विलंब जाहला, सबब ती अट रद्द व्हावी.

"काही रद्द नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिसरी माझी घाल गं पोरी. या दोघांच्या भरवशावर मी मेले असते आत्ता."

पाचरीने मोठ्या आनंदाने घातली. परंतु सासूबाई दुपारी झोपतात, आणि झोपेत फोन घेत नाहीत. सबब जेवणापासून चहापर्यंत कारखान्यातील कोणतेही ड्रोन जमीन सोडणार नाही, ऐसा कायदा टूलात कायम जाहला. एजंटाने तो मान्य केला, आणि दोन्ही धन्यांस, स्वतंत्रपणे, सासूबाईंच्या झोपेत व्यत्यय न आणण्याविषयी ताकीद पोहोचविली. येणेप्रमाणे मोहीम पार पडली. टेबल अद्याप रिकामेच आहे.