काकांची मान

सकाळी आठला दहा मिनिटं असताना काका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले आणि लगेच त्यांना घरी जावंसं वाटलं. समोरच्या भिंतीवर एक नाही, दोन नाही, तीन फळे होते. ज्याला तीन फळे लागतात तो विषय असेल तरी केवढा? आजूबाजूला एकोणीस-वीस वर्षांची चाळीस पोरंपोरी बसली होती. त्यांतला एक उंच मुलगा त्यांना पाहून उठून उभा राहिला.

"सर, आजपासून तुम्ही घेणार का?"

"नाही रे बाबा. मी पण तुझ्यासारखाच शिकायला आलोय."

"मग काका, पंख्याखाली बसा ना," मुलगा म्हणाला. तेव्हापासून सगळा वर्ग त्यांना काका म्हणू लागला. आपणही तेच म्हणू.

काका काही हौसेने आले नव्हते. पाणीपुरवठा खात्यात ते बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. टेकड्या, उतार, टाकीच्या जागा, सगळं कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांनी कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. आता ते काम कॉम्प्युटर करू लागला होता आणि नकाशाघरातल्या सात ड्राफ्ट्समनांचं करायचं काय, असा प्रश्न वर पडला होता. साहेबांनी तो एका दिवसात सोडवला. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि व्हेक्टर ॲनालिसिसचा पेपर जो पास होईल तो डिझाइन विभागात, जो होणार नाही तो धरणावरच्या पंपहाउसवर. दर वर्षी एकाने बसायचं, आणि सर्वांत जुने म्हणून पहिला नंबर काकांचा.

"साहेब, विषयाचं नावच मला एका दमात म्हणता येत नाही," काका चाचरत म्हणाले.

"नाव कुठे म्हणायचंय? पास व्हायचंय."

पंपहाउस दीडशे किलोमीटरवर होतं. तिथे दोन खोल्या, तीन पंप आणि एक माणूस. बायकोची दवाखान्यात परिचारिकेची नोकरी, मुलीचं दहावीचं वर्ष. म्हणजे जायचं ते काकांनी एकट्यानेच. आणि काका तर बायको दोन दिवस माहेरी गेली तरी भरदुपारी घराला आतून कडी लावून बसणारे. पंपहाउसच्या नुसत्या नावाने त्यांना धडकी भरत असे.

बरोबर आठ वाजता मॅडम आल्या. निवृत्तीला आलेल्या, किडकिडीत, आणि आवाज इतका हळू की ऐकण्यासाठी श्वास रोखावा लागे. त्यांनी पहिला फळा भरला, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "समजलं?"

उंच मुलाने वहीत डोकं घातलं.

"तुम्ही. या फळ्यावर."

तो गेला आणि पाच मिनिटांनी लाल कान घेऊन परतला. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी पेन शोधत बाकाखाली वाकली.

"पेन सापडलं की तुम्ही पण या," मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

मग त्यांची नजर बाकामागून बाक ओलांडत शेवटी काकांवर आली. काकांना फळ्यावरचं एक अक्षर कळलं नव्हतं. पण कचेरीचा बावीस वर्षांचा रिवाज अंगात मुरलेला: साहेब काहीही म्हणोत, आधी मान हलवायची, मग जागेवर जाऊन विचार करायचा. काकांची मान आपोआप हलली. चांगली दोनदा, खालपर्यंत. मॅडमची नजर पुढे सरकली आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मात्र मॅडमनी खडू खाली ठेवला.

"हे आपले काका," त्या म्हणाल्या. त्या स्वतः काकांहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण वर्ग म्हणतो म्हणून त्याही काकाच म्हणत. "पंचवीस वर्षांनी पुस्तक उघडतायत. यांना समजलं म्हणजे वर्गात सगळ्यांना समजलं असं मी धरते. काका, पुढे जाऊ?"

काकांची पाचावर धारण बसली. मान हलली.

त्या दिवसापासून वर्ग काकांच्या मानेवर चालू लागला. मॅडम एक ओळ लिहीत, वळून काकांकडे बघत, काकांची मान हले, मॅडम पुढची ओळ लिहीत. जितकं कमी कळे तितकी भीती जास्त, आणि जितकी भीती जास्त तितकी मान जोरात. परिणाम असा झाला की अवघड धडे सोप्या धड्यांपेक्षा लवकर संपू लागले. डबल इंटिग्रलला दोन दिवस लागले, ट्रिपल इंटिग्रल एका दिवसात उरकलं. तीन आठवड्यांत निम्मा अभ्यासक्रम संपला आणि मॅडम म्हणाल्या, इतका हुशार वर्ग मला तीस वर्षांत मिळाला नाही.

हुशार वर्गाने त्याच दिवशी काकांना जिन्यात गाठलं.

"काका, हात जोडतो, मान हलवू नका," उंच मुलगा म्हणाला. "आम्हाला काहीच कळत नाहीये."

"अरे, मला तरी कुठे कळतंय!"

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"मग हलवता कशाला?"

"भीती वाटते गं, पोरी. नाही हलवली तर मला फळ्याशी बोलावतील."

"आम्हाला रोज बोलावतात! काही होत नाही. कान लाल होतात, दुसरं काय?"

"तुमचे कान लाल होतात. माझी बदली होते," काका म्हणाले. त्यांनी पंपहाउसचं सगळं सांगितलं. पोरं ऐकून हळहळली, पण ठरलं तेच: उद्यापासून मान हलवायची नाही.

दुसऱ्या दिवशी काका मान घट्ट धरून बसले. मॅडम वळल्या. मान स्थिर. मॅडम थांबल्या.

"काका, कुठे अडलं?"

काकांनी फळ्याकडे पाहिलं. कुठे अडलं हे सांगायलासुद्धा थोडंफार समजलेलं असावं लागतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ज्याला काहीच कळलं नाही तो बोट ठेवणार कुठे?

"नाही, कुठेच नाही," ते म्हणाले आणि दाबून धरलेली मान अशी काही जोरात हलली की मागे कट्कन आवाज झाला. काका कळवळले. मॅडम पुढच्या धड्यावर गेल्या.

संध्याकाळी बायकोने मान चाचपली.

"वजन उचललंत का कसलं?"

"नाही. अभ्यास केला."

"अहो, अभ्यास काय मानेने करतात?" तिने दवाखान्यातून मानेचा पट्टा आणला आणि हनुवटीखाली करकचून बांधला. "तीन आठवडे हा काढायचा नाही. आणि मान खाली-वर तर अजिबात नाही. वळायचं असेल तर सगळ्या अंगाने वळा."

हे काकांना वरदान वाटलं. डॉक्टरी कारण होतं, कुणाचा रोष नको. पण करायला गेलं एक आणि झालं भलतंच. फळे तीन. मॅडम डावीकडच्या फळ्यावर लिहीत, तेव्हा काका कमरेपासून डावीकडे वळत. उजवीकडे लिहीत, तेव्हा उजवीकडे. पुढून बघणाऱ्याला वाटावं की हा गृहस्थ ठामपणे नाही नाही म्हणतोय.

मॅडमना तसंच वाटलं. त्यांनी धडा पुन्हा सांगितला. काका डावीकडे, काका उजवीकडे. तिसऱ्यांदा सांगितला, चौथ्यांदा सांगितला. पोरांना स्वर्ग दोन बोटं उरला. आयुष्यात पहिल्यांदा एकच गोष्ट कुणी त्यांना चार वेळा समजावून सांगत होतं. उंच मुलगा मधल्या सुट्टीत काकांसाठी चहा घेऊन आला. "काका, पट्टा परीक्षेपर्यंत राहू द्या," चष्मेवाली म्हणाली.

पाचव्या दिवशी मॅडमनी खडू पुढे केला.

"काका, कर्लचा धडा मी चार दिवस शिकवतेय. तुम्ही रोज नकार देताय. या, फळ्यावर दाखवा कुठे अडलं ते."

काका सगळ्या अंगाने वळून उठले. बाकांच्या मधून जाताना त्यांना दोन खोल्या आणि तीन पंप स्पष्ट दिसत होते. त्यांनी खडू हातात घेतला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मान तर बांधलेली होती.

"ही ओळ कळली नाही," त्यांनी शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं. "कारण ही वरची कळली नाही. आणि ती नाही, कारण तिच्या वरची नाही." असं करत ते वर वर सरकले, उजव्या फळ्यावरून मधल्यावर आले, मधल्यावरून डावीकडच्या. तोही संपला. मग त्यांनी मॅडमच्या टेबलावरचं पुस्तक उघडलं आणि पानं मागे उलटत उलटत पहिल्या धड्यावर आले.

"इथे," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "पार्शल डेरिव्हेटिव्ह. एक्स बदलतो तेव्हा वायला गप्प बसवतात. का बसवतात, ते मला पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही."

मॅडमनी पुस्तकातलं ते पान पाहिलं. काकांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही काम काय करता?"

"नकाशे काढतो. टेकड्यांचे."

"पूर्वेकडे चढ किती आहे ते बघायचं असेल तर काय करता?"

"सरळ पूर्वेकडे सरकायचं आणि किती कंटूर ओलांडल्या ते मोजायचं."

"सरकताना थोडं उत्तरेकडे गेलं तर?"

"छे!" काका डोळे उघडून म्हणाले. इथे मात्र त्यांना भीती वाटली नाही. "तसं कसं चालेल? मग चढ पूर्वेचा की उत्तरेचा, कळणार कसं? उत्तरेला तिथल्या तिथे धरून ठेवावं..."

ते तिथेच थांबले. खडू हातातून पडला.

"बावीस वर्षं पार्शल डेरिव्हेटिव्ह काढताय आणि मला विचारताय," मॅडम म्हणाल्या. मग त्या वर्गाकडे वळल्या. "हे पहिल्या दिवशी आणखी कुणाला कळलं नव्हतं? मान नको, हात वर करा."

चाळीसही जणांचे हात वर गेले. चष्मेवालीने तर दोन्ही केले.

मॅडम खुर्चीत बसल्या. आपल्या हुशार वर्गाकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी तिन्ही फळे पुसले आणि अगदी वर, कोपऱ्यात, पहिल्या धड्याचं नाव लिहिलं. परीक्षेला सात आठवडे उरले होते. काकांना वाटलं, आपल्यापायी चाळीस पोरांचं वर्ष बुडणार. लाजेने त्यांना जेवण जाईना.

पण आता कुठे अडलं हे रोज सांगायला लागायचं, आणि एकदा काकांनी सांगितलं की पोरांनाही धीर यायचा. काका टेकड्यांचे नकाशे घेऊन येऊ लागले. चष्मेवालीने त्यांना इंटिग्रल समजावलं, त्यांनी तिला उतार समजावला. परीक्षेच्या दिवशी काकांचे हात इतके गार पडले होते की बायकोने त्यांना दारात उभं करून चोळून दिले. पेपर कसा गेला ते त्यांना आठवत नव्हतं. निकाल लागला: पास व्हायला चाळीस हवे होते, काकांना त्रेचाळीस मिळाले, आणि पोरांचंही वर्ष वाचलं. बायकोने यादी तीनदा वाचली आणि दवाखान्याच्या गणवेशातच डोळे पुसले.

साहेबांनी काकांना बोलावून हात मिळवला. "उद्यापासून डिझाइन विभाग. आणि एक काम. वरून निरोप आलाय, दर वर्षी एक वगैरे नाही, उरलेल्या सहाही जणांना पुढच्याच परीक्षेला बसवायचंय. कॉलेजच्या मॅडम आता निवृत्त होतायत. शिकवायला त्यांनी तुमचं नाव दिलंय."

"माझं?" काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि... ते सहाजण नापास झाले तर?"

"पंपहाउस आहेच की. तिथे तीन पाळ्या करायचा विचार चाललाय."

काकांच्या डोळ्यांसमोर सहाही जण उभे राहिले. एकाला जुळी मुलं होती, एकाची आई अंथरुणाला खिळलेली. स्वतःच्या एका बदलीची भीती त्यांना जेमतेम पेलली होती. इथे एकदम सहा बदल्या त्यांच्या खडूवर येऊन बसल्या. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे ते तडक कॉलेजात गेले. मॅडम कपाट आवरत होत्या.

"मॅडम, मला हे जमणार नाही," काका दारातूनच म्हणाले. असं कुणाला तोंडावर सांगण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. "मला त्रेचाळीस मिळालेत. मी घाबरट माणूस आहे. मला अजून कितीतरी येत नाही."

"बसा. काय काय येत नाही?"

काका सांगत सुटले. कर्ल नीट कळलेला नाही. स्टोक्सचं प्रमेय पाठ आहे, समजलेलं नाही. इंटिग्रलच्या मर्यादा लिहिताना घोळ होतो. कुठला धडा वाचताना पहिल्यांदा रडू आलं, कुठल्या ठिकाणी पुस्तक आपटलं, सगळं त्यांनी सांगितलं. मॅडम शांतपणे एका कागदावर उतरवून घेत होत्या. चला, आपला नकार लेखी गेला, असं वाटून काकांना जरा हलकं वाटलं.

मॅडमनी कागद त्यांच्या हातात दिला. अकरा मुद्दे होते, क्रमांक घालून.

"हा तुमचा अभ्यासक्रम," त्या म्हणाल्या. "माणूस अडतो ते याच अकरा ठिकाणी. तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. याच क्रमाने शिकवा. सोमवारी, आठ वाजता."

काकांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"पण मॅडम, यातलं सातवं मला खरंच येत नाही हो."

"सातवं यायला अजून दोन महिने आहेत," मॅडम म्हणाल्या, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवून निघून गेल्या.