आक्कांची किडनी

लोक आपल्या प्लॉटबद्दल बोलतात तसं आक्का आपल्या किडनीबद्दल बोलायच्या. कोणाला द्यायची, कधी द्यायची आणि मुख्य म्हणजे कसल्या जागेत द्यायची, याच्या अटी त्यांनी आमच्या नेरूळच्या सोसायटीत आल्या आल्या जिन्यातच जाहीर केल्या. "माजी किडनी हाय. असल्या अडगळीत म्या टाकनार न्हाई."

अडगळ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ विलास. आमचं दारासमोर दार. तो वाशीच्या मार्केटात कांद्याच्या एका गाळ्यावर कामाला होता. दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं. त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, रक्तगट जुळला नाही. आक्कांचा जुळला. पण सर्जननी विलासचं पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, "एवढ्या चरबीतून हात घातला तर जखम भरायची नाही. आधी वजन उतरवा, मग या."

ते उतरवायला आक्का साताऱ्याकडचं घर बंद करून आल्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, त्यामुळे कुलूप लावण्यापलीकडे निरोप असा कोणाचा घ्यायचा नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला गाठलं. "इलासला वडा दिलास तर तुज्या गाडीम्होरं बसून ऱ्हाईन. गिऱ्हाईक कसं येतंय बघते." वडापाववाल्याने आक्कांकडे नीट बघितलं आणि त्या दिवसापासून विलास दिसला की तो कढईवर झाकण टाकायला लागला.

मग आमची पाळी. आमच्याकडे भजी तळायला घेतली की बेल वाजायची. "मास्तर, खिडकी लावा. वास गेला तरी ह्याचं पोट फुगतंय." भर मे महिन्यात आम्ही दारं-खिडक्या बंद करून, घामाघूम होऊन, चोरट्यासारखी कांदाभजी खाल्ली आहेत.

आमच्या सोसायटीत आजारी माणसाला भेटायला जाणं ही रविवारची करमणूक. सगळे नटूनथटून जायचे, विलासच्या पलंगाभोवती बसायचे आणि आपल्या ओळखीतलं कोण कोण याच दुखण्याने गेलं ते त्याला सविस्तर सांगायचे. एकदा सेक्रेटरी शहाळी घेऊन आले. किडनी गेलेल्याला शहाळ्याचं पाणी म्हणजे विष, हे डॉक्टरांनी आक्कांना बजावलेलं होतं. आक्का शांतपणे म्हणाल्या, "शहाळं कशाला आनलंत? हारच आनायचा की सरळ." सेक्रेटरी शहाळी घेऊन परत गेले. नंतर करमणुकीला येणाऱ्यांची संख्या बरीच घटली.

विलासही काही संत नव्हता. डायलिसिस करून आला की काट्यावर उभा राहायचा आणि वजन उतरलं म्हणून मजलाभर सांगत सुटायचा. आक्का म्हणायच्या, "मशिनीनं पानी काढलंय ते. भाजीवाला पानी मारून वजन वाढवतोय, तसलं तुजं उलटं. चरबी किती गेली ते बोल."

चरबी जात नव्हती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तो रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत जायचा आणि परत यायचा. महिनाभराने काटा पुढेच सरकला होता. का सरकला, ते एका संध्याकाळी कळलं. स्टेशनजवळच्या दुकानात तो रोज फरसाण खायचा, आणि त्या दिवशी वर दोन बाटल्या थंडा प्यायला. घरी जिना चढताना त्याचा श्वास कोंडला. अंगात पाणी साचून छातीत भरलं होतं. मी आणि सुनंदाने त्याला रिक्षात घालून नेलं. मशिन लावलं म्हणून वाचला.

दोन दिवसांनी मीच त्याला घरी आणलं. आता आक्का इमारत डोक्यावर घेणार म्हणून शेजारीपाजारी दारं किलकिली करून उभे. आक्कांनी फक्त माझ्या हातातली त्याची पिशवी घेतली. शेवटी विलासच खेकसला, "नको मला तुझी किडनी. मेलो तरी चालेल."

"मर की," आक्का म्हणाल्या. "पन बारीक होऊन मर. खांदा देनाऱ्यांचा तरी इचार कर. ह्ये मास्तर बघ, ह्येंच्यानं उचलनार हायेस का तू?"

विलासने माझ्याकडे बघितलं. मग तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आक्का भाकरी थापायला आत गेल्या.

दुसऱ्या संध्याकाळपासून तो चालायला निघाला की मागे आक्का. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशी, तुमचंही थोडं उतरायला हवं." आक्का दोन दिवस धुमसत होत्या. "माल देनारीचं कशाला मोजताय?" तिसऱ्या दिवशी त्यांनी नऊवारीखाली विलासचे जुने कॅनव्हासचे बूट चढवले आणि झपाझप पुढे निघाल्या. आता मागे विलास. कट्ट्यावरची मंडळी हसायची. त्यांच्या पोटांकडे नजर टाकून आक्का म्हणायच्या, "हसा. तुमच्या बहिनी काय देनार न्हाईत."

वर्ष सरता सरता विलासची पँट कमरेत दोरीने बांधायची वेळ आली. सर्जननी पोट पुन्हा दाबून बघितलं आणि तारीख दिली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेलो. सुनंदा विलासच्या खोलीबाहेर बसली होती, म्हणून मी बायकांच्या वॉर्डात आक्कांपाशी गेलो. कुशीला मोठं बँडेज, ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. मला बघून त्यांनी बोटाने जवळ बोलावलं.

"मास्तर, मुतला का त्यो?"

मी गडबडलो. शेजारची सिस्टर म्हणाली, "भरपूर, मावशी. रात्रभर पिशव्या बदलतोय आम्ही."

आक्कांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"आई गेली तवा ह्यो चार वर्साचा," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "रोज हातरूनात मुतायचा. बा मारंल म्हनून म्या पहाटं उठून त्याची गोधडी वड्यावर न्यायची, धुऊन झुडपाआड वाळत घालायची. कुनाला कळू दिलं न्हाई कधी." त्यांनी हात माझ्या दिशेने सरकवला, पण सलाइनची नळी होती, म्हणून तिथेच ठेवला. "आन् आता त्यानं मुतावं म्हनून देव पान्यात घातल्यात, मास्तर."