रसेलचं वीस मिनिटांचं बीफ

रसेल टिंडलने बुधवारी सकाळी टोस्टला लोणी लावता लावता जाहीर केलं, "आज संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे."

ग्लेनिसने चहाचा कप खाली ठेवला. घरात कुणाला ताप आला की ती जशी बघते, तशी तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आज नको रे. आज माझी मुलाखत आहे."

"म्हणूनच आज! तू सहाला दमून येणार आणि सातला कॉम्प्युटरसमोर बसणार. मधे पोटात काहीतरी गरम नको? भाज्या घालून परतलेलं बीफ. वीस मिनिटांचं काम."

"मी टोस्ट खाईन."

"टोस्ट खाऊन कुणी मुख्य परिचारिका झालंय का आजवर?"

ग्लेनिसला कामाला उशीर होत होता; ती पर्स उचलून निघाली. इस्पितळाच्या हाडांच्या विभागात ती सतरा वर्षं लोकांचे मोडलेले हातपाय प्लास्टरमध्ये बसवत आली होती. मुख्य परिचारिकेची जागा एकदा हुकली होती. या खेपेला हुकली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. रसेलला हे ठाऊक होतं. बायकोसाठी आपण काहीतरी करावं, अशी भावना त्याच्या मनात वर्षातून दोनदा तरी दाटून यायची, आणि दोन्ही वेळा शेवटी प्लंबरला बोलवावं लागायचं.

रसेल नगरपालिकेत पाण्याच्या मीटरच्या तक्रारी ऐकायचा. त्या दिवशी त्याने तक्रारी कमी ऐकल्या आणि मोबाइलवरची एक बाई जास्त. बाई हसत हसत सांगत होती: बीफचे पातळ काप करा, दोन चमचे कॉर्नफ्लॉवर आणि थोडा सोया सॉस लावून हाताने चोळा, दहा मिनिटं मुरू द्या, मग कडकडीत तापलेल्या कढईत परता. रसेलने ते अकरा वेळा पाहिलं. अकराव्या वेळी त्याला बाईच्या दोन चुकाही सापडल्या. ऑस्ट्रेलियात बीफसाठी नावाजलेल्या त्याच्या रॉकहॅम्प्टनने चौकाचौकात बैलांचे पुतळे उभे केले आहेत. त्या गावच्या माणसाला बीफ कुणी शिकवावं?

पाच वाजता तो घरी पोचला. घरात खोलगट कढई नव्हती. तो कुंपणाशी गेला आणि शेजारच्या बॅरी लिऑन्गला हाक मारली. बॅरी आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झाला होता.

"बॅरी, तुझ्याकडे चिनी कढई असेलच!"

"असेलच म्हणजे? माझे पणजोबा कँटनहून आले होते, मी इथल्याच मकायहून आलोय. मला फक्त सॉसेज भाजता येतात." बॅरीने मान खाजवली. "थांब, एक आहे. ट्रकचं तेल काढताना खाली लावायचो ती."

रसेल घरच्याच तव्यावर समाधान मानून परत आला.

भाज्या मात्र त्याने झकास चिरल्या. गाजर, ढोबळी मिरची, ब्रोकोली, कांद्याची पात. (हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं, कारण यापुढे त्याच्या बाजूने नोंदवण्यासारखं फारसं काही नाही.) बीफचे काप करून त्याने खोल वाडग्यात टाकले आणि कपाटातून कॉर्नफ्लॉवर काढायला गेला. टिंडलांच्या घरात सगळ्या वस्तू आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत राहायच्या. साखर, खिळे, कुत्र्याची बिस्किटं, सगळ्यांवर छापलेलं 'व्हॅनिला'. तिसऱ्या डब्यात पांढरी, मऊ, बारीक पूड निघाली. रसेलने ती चिमटीत धरून पाहिली आणि जाणकारासारखी मान हलवली.

दोन चमचे पूड पडली. मग त्याने सोया सॉसची बाटली उलटी केली, तर बाटलीचं टोपण आणि त्यामागोमाग अर्धी बाटली सॉस वाडग्यात. बीफ पोहायला लागलं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. रसेलने सरळ विचार केला: रस जास्त झाला तर पूड वाढवायची. हात आखडता कशाला घ्यायचा? त्याने अर्धा डबा ओतला, बाह्या वर सारल्या आणि उजवा हात मनगटापर्यंत घालून चोळायला सुरुवात केली. मिश्रण पटकन दाट झालं. त्याला फार बरं वाटलं.

एवढ्यात फोन वाजला. त्याने डाव्या हाताने उचलला.

"कसं चाललंय?" ग्लेनिसने विचारलं. मागे इस्पितळातल्या गाड्यांची चाकं वाजत होती.

"उत्तम! तू स्वयंपाकाची काळजीच करू नकोस. उत्तरं पाठ केलीस?"

"तेच सांगायला केला फोन. ऐक ना, 'आणीबाणीच्या प्रसंगी डोकं शांत कसं ठेवाल' असं हमखास विचारतात. मला एक धड उदाहरण सुचत नाहीये."

रसेलने तिला बरीच उदाहरणं सुचवली. त्यातली सात स्वतःचीच होती. बोलणं आठ-नऊ मिनिटं चाललं. हाताखालचं बीफ उबदार व्हायला लागलं होतं. मसाला मुरतोय, असं त्याने मनाशी म्हटलं.

फोन ठेवला आणि त्याने हात बाहेर काढला. हाताबरोबर वाडगाही आला.

त्याने हात हलवला, वाडगा हलला. त्याने वाडगा टेबलाच्या कडेवर आपटला, टेबलावरचं गाजर उडालं. बोटं आत मुठीत वळलेली होती आणि मुठीत बीफ होतं. पूड त्याला वाटली होती तितकी भोळी नव्हती.

दार उघडून टेगन आत आली. शाळेची बॅग खाली टाकून तिने बापाकडे पाहिलं, मग उघड्या डब्याकडे.

"बाबा, यातली पूड कुठे गेली?"

"कॉर्नफ्लॉवर? आत आहे."

"ते प्लास्टर ऑफ पॅरिस आहे! शाळेतल्या मुखवट्यांसाठी आणलंय मी!"

"मग डब्यावर लिहायचं नाही?"

"लिहिलंय की."

लिहिलं होतं. झाकणावर, मोठ्या अक्षरांत, आणि झाकण रसेलने सुरुवातीलाच उलटं ठेवलं होतं. टेगन जमिनीवर बसून हसली, मग उठून तिने फोटो काढला आणि मग, ती मनाने चांगली मुलगी असल्यामुळे, भात लावला आणि बॅरीला हाक मारायला गेली.

बॅरी हातोडा घेऊन आला. त्याने वाडग्यावर बोटाने टकटक केलं. "चांगलं बसलंय. भिंतीचं काम असतं तर मी तुला शाबासकी दिली असती. हात इथे टेकव, डोळे मीट."

"तुला हे येतं का?"

"मी ट्रकची चाकं सोडवलीत."

"माझ्या हाताला नट नाहीत, बॅरी!"

नेमक्या त्याच क्षणी ग्लेनिस दारात उभी राहिली. सहा वाजून दहा मिनिटं. नवरा खुर्चीत, हात वाडग्यात, समोर हातोडा उगारलेला शेजारी.

"थोडा उशीर होईल," रसेल म्हणाला. "पण सगळं ठीक चाललंय."

ग्लेनिसने पर्स ठेवली. ती ओरडली नाही, हेच रसेलला जास्त लागलं. "आज सकाळपासून चौदा प्लास्टर केली. पंधरावं घरी निघेल असं वाटलं नव्हतं. बॅरी, तो हातोडा मला दे. टेगन, जाड टॉवेल आण. रसेल, बोटं हलवून दाखव. भाजतंय का?"

"गरम लागतंय नुसतं. म्हटलं मुरतंय."

"एक शब्द बोलू नकोस."

तिने वाडग्याभोवती टॉवेल गुंडाळला, कडेने हळू हळू ठोके घातले, मग चमच्याचं टोक फटीत घालून पिळलं. बीफच्या चरबीमुळे प्लास्टर ठिसूळ झालं होतं. पाचव्या मिनिटाला वाडग्यासकट त्याचे दोन तुकडे झाले आणि रसेलचा हात बाहेर आला, लालबुंद, पण पाचही बोटांसकट. तिने तो थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवला आणि रसेलला तिथेच बसवलं.

साडेसहाला वीस सेकंद कमी होते. रसेलने घड्याळाकडे पाहिलं. सतरा वर्षांची तिची मेहनत, आणि आपण तिला उपाशीपोटी, प्लास्टरने माखून त्या खुर्चीत बसवणार. "ग्लेन, तू आवरायला जा," तो म्हणाला. "टोस्ट करतो मी. एका हाताने येतो."

"भाज्या कुणी चिरल्या?"

"मी."

"छान चिरल्यास," ती म्हणाली आणि तवा आचेवर ठेवला.

बॅरी घरी पळत जाऊन आपल्या शेगडीसाठी आणलेले बीफचे दोन जाड तुकडे घेऊन आला. ग्लेनिसने ते मांसाच्या धाग्यांना आडवे सपासप कापले. तव्यातून धूर यायला लागल्यावर निम्मं बीफ टाकलं, मिनिटभरात काढलं, मग उरलेलं. "सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं," ती टेगनला म्हणाली. मग गाजर, ब्रोकोली, शेवटी मिरची आणि पात, लसूण, उरलेला सोया सॉस, आणि बीफ परत आत. आठ मिनिटं. तिघं उभ्यानेच जेवले. पातेल्याशी बसलेल्या रसेलला टेगनने भरवलं.

सातला एक मिनिट कमी असताना ग्लेनिस झोपण्याच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. केस विंचरायला वेळ मिळाला नव्हता. रसेल ओला हात छातीशी धरून दाराला कान लावून उभा राहिला.

"मिसेस टिंडल," कॉम्प्युटरमधून एका बाईचा आवाज आला, "तुमच्या केसांत ते पांढरं काय आहे?"

रसेलने डोळे मिटले.

"प्लास्टर," ग्लेनिस म्हणाली. "एक आणीबाणीची केस आली होती. तासाभरापूर्वीच." आणि तिने सगळं सांगितलं: बावन्न वर्षांचा पुरुष, उजवा हात, वाडगा, बीफ, सोया सॉस, मदतीला हातोडावाला शेजारी. आधी हातोडा काढून घेतला, मग बोटं तपासली, मग भाजलंय का ते पाहिलं. कुठेही न अडखळता.

"रुग्ण सहकार्य करत होता?"

"नाही. त्याच्या मते सगळं ठीक चाललं होतं."

पलीकडे मुलाखत घेणारे तिघंही इतके हसले की जागा तिला मिळाली हे रसेलला दाराबाहेरच कळलं (पत्र शुक्रवारी आलं). त्याची छाती अभिमानाने फुगली. म्हणजे शेवटी हातभार आपलाच लागला! आत जाऊन तिला मिठी मारावी, असं त्याला वाटत होतं, तेवढ्यात त्या बाईने हसू आवरत विचारलं, "आणि हा रुग्ण अजून तुमच्याच देखरेखीखाली आहे का?"

"हो," ग्लेनिस म्हणाली. "बावीस वर्षं झाली. अजून काही फरक नाही."