पॅडी शब्दाची फोड

मयुरेशची प्रोबेत्साइट, म्हणजे जर्मनीतल्या नोकरीतला कच्चा काळ, संपायला सहाच दिवस उरले होते, आणि रविवारी दुपारी त्याच्याच टेबलावर जेवणाऱ्या आयरिश बॉसला त्याच्या सासऱ्यांनी विचारलं, "तुम्हा लोकांना पॅडी म्हणतात ना, त्याचं मूळ ठाऊक आहे?"

मयुरेशच्या हातातला वरणाचा डाव हवेतच राहिला.

सासरे पद्माकर साताऱ्यात तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले, सध्या लेकीकडे राहायला आलेले. शब्दाची फोड केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. "पाड्रिग हे आयरिश नाव. इंग्रजीत पॅट्रिक. लाडाने पॅडी. तुमच्याकडे घरोघरी एक, म्हणून परके लोक सरसकट सगळ्यांनाच पॅडी म्हणू लागले. आणि मूळ लॅटिन अर्थ? खानदानी! सरदार माणूस!"

बॉस, म्हणजे डेक्लन, पुरणपोळी अर्धी टाकून निघून गेला.

"अहो बाबा, शिवी आहे ती!" मयुरेश म्हणाला.

"खानदानी ही शिवी?"

"परक्याने म्हटलं की शिवीच!"

"मी कुठे म्हटलं? मी फोड केली."

"तू आता गप्प बस," मैथिली नवऱ्याला म्हणाली. "तो विसरेल."

मयुरेश गप्प बसला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण पुण्याच्या कंपनीत सात वर्षं काढलेला माणूस तो. त्याने डेक्लनला दोन पानी माफीपत्र मेल केलं आणि सवयीने, पुरावा असावा म्हणून, एचआरला सीसीत टाकलं.

सोमवारी एचआरच्या फ्राउ फोगेलने बोलावलं. मेलची प्रिंट पिवळ्या पट्ट्यांनी भरली होती.

"हेर टिपणीस, सासऱ्यांनी हा शब्द किती वेळा वापरला?"

"तीनदा."

"तुम्ही एकोणीस वेळा. लेखी."

मयुरेश पिवळ्या पट्ट्या मोजू लागला.

"आल्झो, तर मग शुक्रवारी या विषयावर प्रशिक्षण. तिथली सही मिळाली तर नोकरी पक्की."

शुक्रवारी पहिल्या रांगेत वही घेऊन डेक्लन! "त्या दिवशी घाईने निघालो, ते आईला फोन करायला," तो म्हणाला. "माझे आजोबा पाड्रिग. सरदार वगैरे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून व्याख्याते मीच सुचवले."

दार उघडलं. कानटोपी घातलेले पद्माकर हातात मार्कर घेऊन आत आले.

"जावईबापू, मागे का? पुढे या. सांगा बरं, आजचा शब्द कोणता?"

मयुरेशने फ्राउ फोगेलकडे पाहिलं. तिने पिवळ्या पेनाचं टोपण काढलं होतं.