देवबामामांचा कायदा

गंगाखेडच्या बाजारात लग्नाच्या भांड्यांवर नवरीचं सासरचं आडनाव टाकायचं असेल, तर देवबामामा आधी गॅझेट मागतात.

"कागद हाय का?"

भांड्यांवर नावं टाकणं हा मामांचा धंदा. भांड्यांच्या दुकानाबाहेर गोणपाटावर बसून छिन्नी-हातोडीनं ठिपक्याठिपक्यांनी ते अक्षर काढतात. अंगानं काटकुळे, पण चष्म्यावरून असे बघतात की तहसीलदारानंही उभं राहावं. नाव बदललं म्हणता? मग सरकारी राजपत्रात छापून आलेलं दाखवा. लग्न पुढच्या महिन्यात, तर गॅझेट कुठून येणार? "मग आज जे नाव हाय ते टाकतो. बेकायदेशीर काम आपल्याकडं होत न्हाई."

पालमच्या एका सासऱ्यानं लग्नपत्रिकाच पुढं केली. मामांनी ती उलटसुलट पाहिली. "ह्याच्यावर गणपती हाय पाव्हणं, सरकारचा शिक्का न्हाई." दुसऱ्यानं मुलाचं आधार कार्ड आणलं. "हे पोराचं. पोराचं नाव कुटं बदलायलंय?"

मी पत्रकं वाचत वाढलेली. 'लग्नानंतर आडनाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही' हे पत्रक मी स्वतः छापून बसस्टँडवर वाटलंय. एक मामांना दिलं आणि म्हटलं, "खरे क्रांतिकारक तुम्ही!" त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि त्यात छिन्न्या गुंडाळल्या. "कागद जाड हाय," एवढाच अभिप्राय.

मग माझंच लग्न ठरलं. मी कदमच राहणार, हे जाधवांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. नवरा कबूल, सासूबाई गप्प. धास्ती होती ती माझ्या आईला. रुखवतातल्या हंड्यावर 'प्रज्ञा कदम' दिसलं की भर मांडवात भांडण, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलेलं. एका सकाळी ती मला आणि हंड्याला घेऊन मामांसमोर उभी राहिली.

"देवबाभाऊ, जाधव टाका."

"कागद हाय का?"

"कागद कशाला? मी आई हाय तिची!"

"त्याला बी कागद लागतोय, अक्का."

"मी अर्जच करणार नाही, मग गॅझेट येईल कुठून?" मी मध्येच तोफ डागली.

"तू गप! ऱ्हाऊ द्या भाऊ, समोर मशीनवाला हाय. पाच मिनटात नाव टाकून देतोय."

मामांची हातोडी थांबली.

"पाच मिनटंच लागत्यात, अक्का," ते म्हणाले. "माज्या बहिणीच्या भांड्यावर सासरचं नाव मीच टाकलं होतं. लय हौसेनं. द्वारका शिंदे. दोन वर्षांत ती गेली. लेकरूबाळ न्हाई. मग शिंद्यांनी तीच भांडी माज्याकडं आणली, दुसरी बायको करायलेत म्हणून. आडनाव तेच. निस्तं 'द्वारका' घासायचं आन् नवीचं नाव टाकायचं. झालं."

"तुम्ही घासलंत?" माझा आवाज पत्रकातला राहिला नव्हता.

"घासलं. बापाचं आडनाव असतं तर भांडी तरी घरला आली असती." त्यांनी गोणपाटाखालून एक तांब्या काढला. 'द्वारका'ची अक्षरं झिजली होती, पण वाचता येत होती. "ह्यो हरवला म्हणलो आन् त्यांला नवा दिला."

आईनं तांब्या हातात घेऊन त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिनं हंडा मामांपुढे सरकवला. "प्रज्ञा कदम टाका."

ठिपके पडू लागले. मला दोन-तीन घोषणा सुचल्या होत्या, त्या मी गिळल्या. दुसऱ्या आठवड्यात आई स्वतःच्या लग्नातली कळशी घेऊन पुन्हा मामांकडे निघाली, म्हणून मीही मागं गेले.

"भाऊ," तिनं चाचरत विचारलं, "माहेरचं नाव परत टाकायला काय कागद लागतोय?"

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"त्याला न्हाई लागत. तुमी सांगा, मी टाकतो."

"कौसल्या मुळे," आई म्हणाली. मला ते नाव ठाऊक होतं. तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"जरा मोठ्यानं, अक्का," मामा छिन्नी उचलत म्हणाले. "बाजारात लय आवाज हाय."